लीला भ्र. एकनाथ

बेलिफ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जप्ती येते. घरातली कपाटं बाहेर काढणारा, भांड्यांना हात लावणारा, दगडाच्या काळजाचा माणूस. नाशिकच्या कोर्टात मी बत्तीस वर्षं बेलिफ होतो आणि जप्त्याही केल्या, नाही म्हणत नाही. पण माझ्या पिशवीत जिवंत माणसांच्या भांडणांपेक्षा मेलेल्या माणसांचेच कागद जास्त असायचे, हे सांगून कुणाला पटत नाही.

माणूस जातो आणि मागे मृत्युपत्र सोडतो. ते मृत्युपत्र खरं आहे, त्याच माणसाचं आहे, असा कोर्टाचा शिक्का घ्यायचा, त्याला प्रोबेट म्हणतात. मुंबईत ते सक्तीचं असायचं, आमच्याकडे नव्हतं, पण घराच्या उताऱ्यावर नाव लावायला गेलं की कुणीतरी शहाणा सांगायचाच, "प्रोबेट आणा, मग पुढचं बोलू." मग अर्ज व्हायचा. अर्ज झाला की कोर्ट मेलेल्या माणसाच्या सगळ्या जवळच्या नातेवाइकांना नोटीस काढतं, की बाबांनो, अमुक तारखेला या आणि काही हरकत असेल तर सांगा. ती नोटीस घेऊन दारात उभा राहणारा माणूस म्हणजे मी. माणूस भेटला तर सही घ्यायची, नाही भेटला तर दारावर चिकटवायची आणि दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. त्यासाठी पिशवीत खळीचा डबा असे. खळ आमची मंडळी सकाळी पोळ्यांच्या आधी करून द्यायची आणि वर म्हणायची, "तुमच्या कोर्टाला माझं पीठ चालतं, मला मात्र कोर्टात येऊ देत नाही."

नमुने भेटायचे. इंदिरानगरला एका बंगल्यात दोन सख्खे भाऊ, एक खाली, एक वर. बोलणं बंद. वडिलांच्या मृत्युपत्राची नोटीस दोघांनाही बजावायची होती. खालच्याने सही केली आणि मला म्हणाला, "वर जाताय तर त्याला सांगा, पाण्याची मोटर बंद कर, टाकी वाहतेय." मी सांगितलं. वरचा म्हणाला, "त्याला सांगा, ऐकू येतंय मला." पंचवटीत एक गृहस्थ असे, की नोटिशीवर चुलत्याच्या नावाआधी 'मयत' हा शब्द दिसला की सही करायच्या आधी आंघोळीला जायचे. चुलता जाऊन वर्ष उलटलेलं. पण कागद त्या दिवशी आला, म्हणजे बातमी त्या दिवशी आली, असं त्यांचं म्हणणं. मी ओट्यावर बसून त्यांची बादली भरायची वाट बघत असे. तेव्हा हसू यायचं. पुढे येईनासं झालं.

'मयत' या शब्दाची सवय होते, हेच आमच्या धंद्यातलं वाईट आहे. रोज वीस वेळा लिहिला की तो शब्द राहत नाही, नावाच्या आधी येणारं एक अक्षर होतो. असंच दुसरं अक्षर म्हणजे 'भ्र.'. कोर्टाच्या आणि तलाठ्याच्या कागदांवर बाईचं नाव असं लिहितात: अमुक भ्र. तमुक. भ्रतार, म्हणजे नवरा. अर्ध्या अक्षरात बाईचं सासर. मी ते इतक्या वेळा वाचलं, की पुढे वाचायचं सोडून दिलं. या लेखात जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, की मी एकदा 'भ्र.' वाचलं नाही.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा उन्हाळा असेल. पंचवटीतले एक अविवाहित गृहस्थ वारले होते, एस.टी.च्या कारखान्यात मेकॅनिक होते. नाव वसंतराव. त्यांनी मृत्युपत्रात राहतं घर पुतण्याला दिलं होतं, सुनील त्याचं नाव. पण त्यात एक ओळ होती. घराची पुढची खोली माझी बहीण लीला हिने हयात असेपर्यंत वापरावी, माझ्यामागे तिचं माहेर मोडू नये. सुनीलने प्रोबेटचा अर्ज केला. नोटीस निघाली: लीला भ्र. एकनाथ, मुक्काम चांदवड तालुक्यातलं एक खेडं.

मी चांदवडला उतरलो आणि तिथून जीपने त्या गावी गेलो. ऊन डोक्यावर. वस्तीवर कांद्याच्या चाळी भरायचं काम चाललेलं. बायका सावलीला बसून कांदे निवडत होत्या. एक गडी भेटला, त्याला आडनाव सांगून विचारलं, "लीलाबाई कुठे भेटतील?"

"लीलाबाई? त्या तर वारल्या की. चार सालं झाली."

"नक्की?"

"आता आमच्याच घरातल्या. मीच खांदा दिला."

कांदे निवडणाऱ्यांतली एक म्हातारी उठली, तांब्याभर पाणी घेऊन आली. मी प्यालो. परतीची जीप उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी गुडघ्यावर कागद ठेवून नोटिशीच्या पाठीवर लिहिलं, 'सदर इसम लीला ही सुमारे चार वर्षांपूर्वी मयत झाल्याचे समजले, सबब नोटीस परत', पंच म्हणून त्या गड्याची सही घेतली आणि निघालो. मृत्यूचा दाखला मागितला नाही. 'कुठली लीला, कुणाची बायको' विचारलं नाही. नोटिशीवर 'एकनाथ' स्पष्ट टाइप केलेलं होतं.

माझा अहवाल फायलीला लागला. बहीण मृत्युपत्र करणाऱ्याच्याही आधी वारलेली, म्हणजे खोलीची ती ओळ आपोआप गेली. प्रोबेट मिळालं. सुनील रीतसर घराचा मालक झाला आणि मी ते सगळं विसरून गेलो.

वर्षभराने एक दिवस नाझरसाहेबांनी हाक मारली. नाझर म्हणजे आम्हा बेलिफांचा वरचा. त्यांच्या टेबलासमोर एक म्हातारी उभी होती. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. नाझरसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्या बाई म्हणतात, त्या लीला आहेत."

सगळा उलगडा तिथे उभ्या उभ्या झाला. बाईंचं लग्न झालं तेव्हा त्या घरात थोरली जाऊ आधीच होती आणि तिचं नाव लीला. एका घरात दोन लीला कशा चालतील? म्हणून लग्नात तांदळात नाव लिहिलं ते सुशीला. त्या दिवसापासून ही सुशीला. थोरली लीला रघुनाथरावांची बायको. ती वारली होती आणि मी तिचं मरण हिच्या नावावर टाकलं होतं.

बाईंचं आणि भावाचं येणं-जाणं थांबलेलं होतं. कुठल्याशा लग्नात मानपानावरून त्यांच्या यजमानांची आणि वसंतरावांची बोलाचाली झाली. यजमानांनी उंबरा ओलांडायचा नाही म्हणून सांगितलं. पुढे यजमान गेले, पण मग बाईंनाच संकोच वाटला, की एवढ्या वर्षांनी कुठल्या तोंडाने जाऊ. भाऊ गेल्याचं त्यांना कळलं ते चांदवडच्या बाजारात वसंतरावांच्या गल्लीत नव्याने राहायला आलेली एक बाई भेटली तेव्हा. मिळेल त्या एस.टी.ने त्या नाशिकला आल्या. सुनीलच्या दारात उभ्या राहिल्या.

"सुनील माझ्याकडं बघतच राहिला," बाई सांगत होत्या. "म्हणला, आत्या, तू? कोर्टानं तर कळवलं व्हतं तू गेलीस म्हणून. आम्ही काकांच्या वर्षश्राद्धाला रामकुंडावर तुझा बी पिंड ठेवला."

नाझरसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कावळा शिवला का, म्हणून इचारलं मी त्याला," बाई म्हणाल्या. "लगेच शिवला म्हणे."

मी हात जोडले. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमाला मी पाणी दिलं व्हतं."

मी मान हलवली.

"तुम्ही लीला म्हणालात ते मी ऐकलं. बसल्या जागी ऐकलं. मला वाटलं जाऊबाईंचं काही कोर्टाचं असंल. मलाच नाय कळलं, मला बोलावतायत. तुमाला तरी काय बोलू?"

माझ्या सगळ्या नोकरीत मला कुणी शिव्या दिल्या, कुत्री अंगावर सोडली, एकाने खळीचा डबा डोक्यावर उपडा केला. त्यातलं काही मला लागलं नाही. हे लागलं.

प्रोबेट रद्द करून घेण्याचा अर्ज बाईंनी केला. एक वकीलबाई मिळाल्या, चांगल्या होत्या. बाईंना काय हवं होतं ते अगदी साधं होतं. घराचा वाटा नको, सुनीलशी भांडण नको. दादाने माझ्यासाठी ठेवलेली खोली मला बघायची आहे आणि मी मेले नाही एवढं कागदावर हवं आहे. पण त्यासाठी त्या लीला आहेत हे सिद्ध करावं लागणार होतं आणि तिथेच सगळं अडलं. रेशनकार्डावर सुशीला. मतदार यादीत सुशीला. सातबाऱ्यावर सुशीला भ्र. एकनाथ. पंचवटीतल्या शाळेत चौथीपर्यंत लीला म्हणून शिकल्या, पण त्या शाळेचं जुनं दप्तर गोदावरीच्या कुठल्याशा पुरात गेलेलं. आई-वडील गेले, धाकटा भाऊ म्हणजे सुनीलचे वडील गेले, आणि शेवटी दादा. त्यांना लीला म्हणणारं एकही माणूस जिवंत नव्हतं.

राहिला सुनील. माणूस वाईट नव्हता. पण एव्हाना त्याला कुणीतरी पढवलेलं होतं. साक्षीला उभा राहिला. वकीलबाईंनी विचारलं, "या कोण?"

"आत्या."

"यांचं नाव काय?"

"मी आत्याच म्हणतो. नाव मला माहीत नाही."

"मृत्युपत्रातली लीला म्हणजे याच ना?"

"ते मला सांगता येणार नाही. त्यात होतं ते नाव आम्ही अर्जात लिहिलं. लीला वारल्याचा कोर्टाचाच कागद आहे."

नाव माहीत नाही म्हणाला, ते तरी खोटं नव्हतं. आपल्याकडे किती भाचरांना आत्याचं माहेरचं नाव माहीत असतं? मला माझ्या आत्याचं नाव माहीत नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन मी आईला विचारलं.

आता सगळा भार त्या कोर्टाच्या कागदावर, म्हणजे माझ्या चार ओळींवर आला. मला साक्षीचं समन्स निघालं. आणि इथे मी जे केलं ते मला अजून सांगायला जड जातं. पहिल्या तारखेला मी आजारी म्हणून रजा टाकली. दुसऱ्या तारखेला मालेगावकडची बजावणी मागून घेतली. भीती वाटत होती. चौकशी लागेल, सर्व्हिस बुकात ठपका येईल, बढती तोंडावर आलेली. नाझरसाहेबांनी मला वाट सांगितली होती: "'चौकशीत तसे समजले', एवढंच म्हण. ते खरंही आहे. कागद तुला वाचवेल." मला ते पटलं होतं. दोन महिने मी तेच वाक्य मनात घोळवत होतो.

त्या दोन तारखांना बाई चांदवडहून आल्या आणि व्हरांड्यात दिवसभर बसून परत गेल्या. दुसऱ्या तारखेचं मला नंतर कळलं. उशिरा मालेगावहून आलो तर नाझरसाहेब म्हणाले, "तुझी लीला सांगून गेली. म्हणाली, साहेबांना म्हणावं, रजा घ्या, पण लय दिवस लावू नका. आता मलाच कधी कधी खरं वाटाया लागलं, का लीला गेली म्हणून."

तिसऱ्या तारखेला मी गेलो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायची ती माझी पहिलीच वेळ नव्हती, बेलिफाला बजावणीच्या साक्षी द्याव्याच लागतात. वकीलबाईंनी नोटीस दाखवली. "यावर नाव काय आहे?"

"लीला भ्र. एकनाथ."

"तुम्ही कुणाची चौकशी केलीत?"

नाझरसाहेबांचं वाक्य जिभेवर होतं. मी म्हणालो, "लीलाची केली. एकनाथची बायको कोण, हे मी विचारलं नाही. भ्र. च्या पुढे काय लिहिलंय ते मी त्या दिवशी वाचलंच नाही. जी वारली ती रघुनाथची बायको होती. ग्रामपंचायतीतून तिच्या मृत्यूचा उतारा मी परवा जाऊन आणलाय. एकनाथची बायको त्या दिवशी माझ्या समोर कांदे निवडत बसली होती. तिने मला पाणी दिलं. मी ते प्यालो आणि ती मेली म्हणून लिहिलं."

न्यायाधीशसाहेब लिहायचे थांबले. "शेवटचं वाक्य लिहायची गरज नाही," ते हळू आवाजात म्हणाले. पण बाईंकडे बघून मग त्यांनी ते लिहून घेतलं.

वसंतरावांना बहीण एकच होती आणि ती एकनाथला दिलेली होती, एवढं सुनीलने फेरतपासणीत मान्य केलं. आधी खाली बघत होता, मग म्हणाला, "साहेब, आत्याच आहे ती. तीच लीला असणार, दुसरी कुठली असेल?" आणि रडायला लागला. मला त्याचा राग आला नाही. दोन महिने मीही तेच करत होतो.

निकाल बाईंच्या बाजूने गेला. लीला उर्फ सुशीला भ्र. एकनाथ हयात आहे, असं कोर्टाने लिहिलं. माझी चौकशी झाली, ठपका आला, बढती तीन वर्षं लांबली. त्याचं काही नाही.

खोलीचा ताबा द्यायचं वॉरंट निघालं आणि ते माझ्याकडेच आलं. नाझरसाहेब म्हणाले, दुसऱ्याला देतो. मी म्हटलं, नको, मीच जातो. दोन पंच घेतले आणि पंचवटीत गेलो. गल्ली अरुंद, एका अंगाला भाजीच्या हातगाड्या. बाई आधीच येऊन ओट्यावर बसल्या होत्या. धुतलेलं लुगडं, केस ओले. सुनीलने स्वतः किल्ली आणून माझ्या हातात दिली.

कुलूप काढलं. खोली रिकामी होती. रंग काढलेला, नवी ट्यूबलाइट, कोपऱ्यात झाडू. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"दादाची खाट?" त्यांनी विचारलं.

सुनील म्हणाला, "आत्या, दिली गं. भंगारवाल्याला."

"आणि आईची ट्रंक?"

"तीपण. खोली भाड्याने द्यायचं चाललं होतं ना. तीन महिने झाले, काढलं सगळं."

तीन महिने. म्हणजे मी मालेगावला गेलो त्यानंतर. मी पहिल्या तारखेला उभा राहिलो असतो, तर ती खाट आणि ती ट्रंक तिथे असती. कुणी मला तसं म्हणालं नाही. म्हणायची गरज नव्हती.

पंचनामा लिहायला मी खाली बसलो. खोली एक, खिडकी एक, दरवाजे दोन, आत सामान नाही. बाई भिंतीवरून हात फिरवत आतल्या दरवाजाने मागच्या पडवीत गेल्या, तिथली मोरी बघून परत दारात आल्या. मी ताबा पावतीवर सही मागितली. त्यांनी पेन घेतलं आणि फार वेळ लावून एक एक अक्षर काढलं. चौथीतल्या मुलीसारखं अक्षर. लीला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "साहेब, कोर्टात तुम्ही लोकांच्या नावाचा पुकारा करता न्हवं?"

"पट्टेवाला करतो. तो नसला की मी करतो."

"मग एक डाव कराल का?"

"कशाचा?"

"मी मागं मोरीवर जाते. दादा शाळेतून आला की हितं उभा राहून हाक मारायचा. लीले म्हणायचा, लीला न्हाई. आता तसं म्हणणारं कुणी नाय राहिलं." आणि माझं उत्तर न ऐकता त्या मागे गेल्यासुद्धा.

पंच माझ्याकडे बघत होते. सुनील भिंतीकडे तोंड करून उभा होता. माझ्या आईच्या वयाची बाई, तिला 'लीले' कसं म्हणायचं? पण मी उठून उभा राहिलो. भरल्या कोर्टात लांबपर्यंत पोचणारा माझा आवाज, पण हाक हळूच निघाली.

"लीले!"

मागे शांतता. मला वाटलं, आताही तसंच झालं, तिला कळलंच नाही की तिला बोलावतायत. मी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने.

"ओ," आतून आवाज आला. "ओऽ. आले रे, दादा."